गरम वाऱ्याचा खटला

गावच्या लोहाराचा भाता तुम्ही पाहिलाच असेल. वारा मिळाला की निखारा फुलतो. पण तो वारा गार असावा की गरम? एवढ्याशा प्रश्नावरून ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे कज्जे चालले.

तिथले लोखंडाचे कारखानदार म्हणत, वारा जितका गार तितका बरा. कारण हिवाळ्यात भट्टी चांगली चाले. खरे कारण निराळेच होते. थंडीतल्या हवेत बाष्प कमी असते, हा त्याचा गुण! ग्लासगोच्या गॅस कारखान्यातल्या जेम्स ब्यूमाँट नीलसन याने उलट विचार केला. भात्याचा वारा वाटेत एका बंद भांड्यात तापवायचा आणि मग भट्टीत सोडायचा. १८२८ साली त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. क्लाइड कारखान्यात एक टन लोखंडाला आठ टन कोळसा लागे. १८३० मध्ये तो पाच टनांवर आला आणि १८३३ मध्ये सव्वादोन टनांवर.

टनामागे एक शिलिंग द्यायचे मात्र पुष्कळांच्या जिवावर आले. ते म्हणू लागले, यात नवे ते काय? वारा जुना, विस्तव जुना. निसर्गाच्या नियमावर कुणाची मालकी? १८४१ साली नीलसन विरुद्ध हार्फर्ड या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने उत्तर दिले: नियम सर्वांचा, पण तो भट्टीला लावून देणारे साधन नीलसनचे.

इथे गोष्ट संपली असे समजू नका. हाउसहिल कंपनीने अपील केले. खालच्या न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितले होते की, जुने यंत्र पेटंटच्या वेळेपर्यंत चालू असेल, तरच ते आड येईल. १८४३ साली लॉर्ड्स सभेने ही समजूत चुकीची ठरवली. एखादे साधन पूर्वी उघडपणे वापरले गेले असेल, तर मागाहून ते अडगळीत पडले म्हणून दुसऱ्याला नवे म्हणून मिरवता येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही आधीचा उघड वापर पेटंटाच्या आड येतो. तेव्हा एखाद्या मुलाने नवी चूल करून आणली, तर त्याची पाठ जरूर थोपटा. पण दोन प्रश्नही विचारा. याआधी काय होते? आणि तुझे त्याहून वेगळे कशात?