आर्वीची तबकडी आणि आपली पोरं

आपल्या शैक्षणिक जलशांत अल-ख्वारिज्मी हमखास येतो. त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, हे खरंच आहे, मीही वर्गात सांगतो. पण नवव्या शतकातल्या बगदादच्या अभिमानावर सांगवी-दापोडीतल्या पोराला काम मिळत नाही. त्याच्या उपयोगाचा इतिहास आपल्याच नाशिक रस्त्यावर आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकलं की नारायणगाव येतं. तिथून जवळच आर्वी. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी दळणवळणासाठीचं देशातलं पहिलं उपग्रह भूकेंद्र इथं उभं राहिलं. जवळपास 30 मीटर व्यासाची तबकडी आणि केंद्राला विक्रम साराभाईंचं नाव. त्याआधी परदेशी फोन म्हणजे रेडिओलहरींचा भरवसा. बुकिंग करायचं, ताटकळायचं आणि लागलाच तर खरखर ऐकायची.

आवाज पोहोचवणं वेगळं, संगणकांना एकमेकांशी बोलायला लावणं वेगळं. ते काम 1986 साली 'अर्नेट' प्रकल्पातून सुरू झालं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत होती. आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होतं. या केंद्राचे डॉ. एस. रमणी यांचं नाव 2014 साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. त्या काळी मोठा प्रश्न होता की यंत्रांनी कोणत्या नियमांनी बोलायचं. सरकारांचा आणि समित्यांचा कल 'ओएसआय'कडे होता. अमेरिकेच्या अर्पानेटनं मात्र 1 जानेवारी 1983 पासून 'टीसीपी-आयपी' स्वीकारलं होतं. समित्यांचे जाडजूड कागद मागे पडले आणि चालणारी गोष्ट टिकली.

15 ऑगस्ट 1995ला विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. विद्यार्थ्याला 500 रुपयांत नुसती अक्षरं दिसत. चित्रांसह पाहायचं तर खर्च 15 हजारांच्या घरात. एवढे पैसे कुणाच्या घरात होते, ते वेगळं सांगायला नको.

पुढं समुद्राखालच्या केबलींनी उपग्रहांचं बरंचसं काम घेतलं. जानेवारी 2008 अखेरीस इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. ज्यांच्याकडे पूर्वेकडून, पॅसिफिकच्या बाजूनं जायची वाट होती ते लवकर सावरले. माहितीची वाट बदलायची कशी, हे जाणणारा माणूस त्या दिवशी कामाला आला.

हे सगळं सांगायचं कारण माझ्याकडे येणारे पालक. हातात क्लासचं रंगीत पत्रक असतं. "सर, सहा महिन्यांत नेटवर्क इंजिनिअर, भरू का फी?" सिस्कोचं सीसीएनए 1998 साली आलं. फेब्रुवारी 2020मध्ये त्याच्या वेगवेगळ्या शाखा मोडून एकच परीक्षा झाली. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. वाईट नाही ते, पण यंत्रं आणि आज्ञा बदलत राहतात. 1983 पासून टिकलाय तो पत्ता आणि वाट यांचा हिशेब. म्हणून मी पोराला कागदावर विचारतो, '/26'च्या जाळ्यात किती पत्ते? चौसष्ट. वापरायला किती? बासष्ट, कारण पहिला जाळ्याचा आणि शेवटचा सगळ्यांना हाक मारायचा. इतकं समजलं तर फी भरा, नाहीतर आधी हे शिकवा. उर्दू माध्यमाची मुलं इंग्रजीला बिचकतात, पण हा हिशेब त्यांना चटकन जमतो. राउटर, गेटवे, मास्क हे शब्द तर सगळ्यांनाच नवे असतात.

आणि नोकरी म्हणजे फक्त हिंजवडीची काचेची इमारत, हेही डोक्यातून काढायला हवं. चाकणच्या कारखान्यांत रोबो आणि नियंत्रणयंत्रं इथरनेटवर बोलतात. तेल, धक्के आणि वेल्डिंगच्या गोंधळात एक केबल सैल झाली की अख्खी लाइन थांबते. तिथं पाना धरता येणारा आणि पत्ते समजणारा, असा माणूस लागतो. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून वर नेटवर्किंग शिकलेल्या पोराला ही वाट जवळची आहे. मुलींच्या बाबतीत पालक रात्रपाळीचं विचारतात. प्रश्न रास्त आहे. नेटवर्कवर नजर ठेवणारी केंद्रं चोवीस तास चालतात, तेव्हा मुलाखतीतच गाडीची सोय विचारून घ्यावी.

औंधची आयटीआय सांगवीतून नदीपलीकडेच आहे. पत्रकावरचा नंबर फिरवण्याआधी तिथं एक चक्कर मारा, पोरालाही सोबत न्या.