चिल्ला आणि तार

आपट्याची पाने देव्हाऱ्यात सुकू लागतात, तोच घरात चकलीच्या भाजणीचा वास दरवळतो. दसरा आणि दिवाळी यांत अंतर ते केवढे! आज दसऱ्याला आपण सोने लुटतो आणि जेवून स्वस्थ पडतो. आपल्या पूर्वजांच्या लेखी मात्र तो घर सोडून निघण्याचा दिवस होता. पाऊस सरला, नद्या उतरल्या, की मोहीम बाहेर पडे. तिच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा होई. या पूजेत भक्ती होती, तशीच व्यवहाराची एक सोयही होती. हळदकुंकू वाहायचे म्हणजे शस्त्र खुंटीवरून उतरवणे आले. चार महिन्यांच्या पावसाने त्याची काय दशा केली आहे, ते डोळ्यांनी पाहणे आले.

तलवारीवर गंज चढला तर तो घासून काढता येतो. खरी दैना होई ती धनुष्याची. स्वाराचा कमठा म्हणजे नुसती वाकवलेली काठी नव्हे. मध्ये लाकूड, तिरंदाजाच्या बाजूला शिंग, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळे सरसाने जोडलेले. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात. म्हणून एवढासा कमठा दूरवर बाण फेकतो. पण सरसाचे आणि ओलाव्याचे हाडवैर. दमट हवेत सांधे मऊ पडत, बाक पिळवटे आणि ऐन वेळी चिल्ला चढेनासा होई.

निघण्याच्या तोंडावर हे ध्यानात आले तर? चिल्ला तुटला असेल तर दुसरा लावता येई. बाक फिरला असेल तर मंद शेक देऊन सरळ करता येई. पण सांधाच सुटला असेल तर उपाय नाही. सरस वाळायला त्याचा वेळ तो घेणारच. म्हणूनच हिंदुस्थानात पोलादी कमठेही घडवीत. ते शिंगाच्या कमठ्याइतके जोमदार नसत. पण कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिले तरी हवेने उकलत नसत.

पावसाने लढाईचा रंग पालटल्याच्या कथा जगभर आहेत. इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाच्या तिरंदाजांना निसरड्या चिखलात आपली लांब धनुष्ये टेकवता येईनात, असे ग्रीक-रोमन इतिहासकार सांगतात. १३४६ साली फ्रान्समध्ये क्रेसीच्या रणावर भाडोत्री जिनोव्ही तिरंदाजांच्या दोऱ्या सरीने भिजल्या, असे बखरकार म्हणतात.

आपल्याकडे १७०८ मध्ये साताऱ्यास गादीवर बसलेल्या शाहू महाराजांचा शिकारीचा शौक प्रसिद्धच आहे. वाघापासून त्यांना वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. त्या काळी बंदूक आली होती, तरी तिरकमठा अजून निवृत्त झाला नव्हता. मोहीम असो की शिकार, स्वाराच्या मागे कमानगर आणि शिकलगार हवेच असत. इतिहासात नावे राहिली ती स्वारांची!

मग काळ फिरला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. दसरा येतच राहिला. पण मोहिमा थांबल्या. शस्त्रांवर पोट असलेल्यांनी आता काय करावे? कच्छमध्ये कमानगरांनी कुंचला धरला आणि भिंती रंगवल्या. त्या चित्रांना आजही कमानगरी म्हणतात. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत शिकलगारांनी निराळी वाट धरली. शस्त्रांची डागडुजी करणाऱ्या फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास तंबोरे दुरुस्त करायला घेतले आणि पुढे स्वतः घडवले. पुढच्या पिढ्यांत सतारमेकर हे आडनावच होऊन बसले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तिकडे साताऱ्यात धनुष्य परत आले, ते मात्र शिकारीसाठी नव्हे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी, एका गणित शिक्षकाची मुलगी, कंपाउंड धनुष्यात १४९ विरुद्ध १४७ अशा गुणांनी जगज्जेती झाली. वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय तिरंदाज. त्याच दिवशी साताऱ्यातच शिकलेल्या नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे पद जिंकले.

या नव्या धनुष्याला चाके आहेत आणि चिल्ला कृत्रिम धाग्याचा आहे. त्याला पावसाचे भय नाही. पण जुनी अडचण सुटलेली नाही. नवा चिल्ला आरंभी थोडा ताणतो आणि नेम हलतो. बरेच बाण सोडल्यावर तो बसतो. म्हणून जाणता तिरंदाज स्पर्धेच्या आदल्या रात्री चिल्ला बदलण्याची पाळी येऊ देत नाही. तो आधीच जुळवलेले दुसरे धनुष्य सोबत ठेवतो. मिरजेचा कारागीरही तंबोऱ्याबद्दल हेच सांगेल: नवी तार उतरत राहते, ती मैफलीच्या तोंडावर चढवू नये.

शिकार गेली, १९७२ च्या कायद्याने ती बंदही झाली. मोहिमा त्याआधीच गेल्या. ताणलेली दोरी सांभाळणारे हात मात्र मिरजेतही आहेत आणि साताऱ्यातही. पुढच्या खंडेनवमीला पाटावर पुस्तके, विळी आणि शिवणयंत्र मांडाल, तेव्हा नुसते फूल वाहून उठू नका. विळीची धार पाहा, यंत्राला थेंबभर तेल द्या. दसरा दुसऱ्याच दिवशी असतो.