अवकाशयुद्धाचा खेळ : नाण्याच्या यंत्रापासून तालुक्याच्या गावापर्यंत

प्रस्तावना

करमणुकीच्या साधनांचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचा महत्त्वाचा भाग होय. तमाशा, चित्रपट व नभोवाणी यांचा अभ्यास मराठीत झाला आहे. त्या तुलनेत व्हिडिओ गेमकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. पडद्याच्या डाव्या कडेला एक लहान यान, उजवीकडून चालून येणारे शत्रू आणि मागे सरकत जाणारे अवकाश, असे या खेळाचे सर्वपरिचित रूप आहे. त्याचा जन्म नाणे टाकून चालविण्याच्या यंत्रात झाला. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यासाठी मात्र त्याची वाट वेगळी होती. प्रस्तुत लेखात या खेळाची जडणघडण, त्यामागील अर्थकारण व ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात त्याचे महत्त्व यांचा मागोवा घेतला आहे.

खेळाचा उगम

अवकाशयुद्ध हा संगणकीय खेळांचा अगदी आरंभीचा विषय आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. शीतयुद्ध व अंतराळस्पर्धेचा तो काळ होता. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' निर्माण केला व हा विषय बाजारपेठेत स्थिरावला. तथापि त्यात पडदा स्थिर होता आणि शत्रू वरून खाली येत.

शिकागो येथील विल्यम्स कंपनीच्या 'डिफेंडर' (१९८१) या खेळाने ही चौकट मोडली. यूजीन जार्विस यांनी रचलेल्या या खेळात यान आडव्या दिशेने दोन्हीकडे धावत असे. खेळाचे विश्व पडद्यापेक्षा मोठे होते आणि पडद्याबाहेर काय घडते आहे, हे वरच्या बाजूच्या लहान नकाशावर दिसे. शत्रूंना केवळ मारणे पुरेसे नव्हते. ग्रहावरील माणसांना पळवून नेले जात असताना वाचवावेही लागे. त्याच वर्षी जपानच्या कोनामी कंपनीचा 'स्क्रॅम्बल' आला. त्यात पडदा आपोआप पुढे सरकत राही व इंधन संपत जाई, त्यामुळे खेळाडूला थांबण्याची मुभाच नव्हती. पुढे 'ग्रेडियस' (१९८५) व 'आर-टाइप' (१९८७) या खेळांनी टप्प्याटप्प्याने अस्त्रे मिळविणे व टप्प्याच्या अखेरीस महाकाय शत्रूशी लढणे हे घटक रूढ केले.

नाण्याचे अर्थकारण

या खेळांच्या रचनेमागे कलात्मक विचाराइतकाच व्यवहारही होता. यंत्राचा मालक प्रत्येक खेळाला एक नाणे घेत असे. एकच खेळाडू एका नाण्यावर तासभर खेळत राहिला तर यंत्र तोट्यात जाई. पहिल्याच क्षणी हरला तर तो पुन्हा फिरकत नसे. या दोन टोकांमधील तोल साधण्यासाठी मोजकी 'जीवने', क्रमाने वाढत जाणारा वेग आणि सर्वोच्च गुणांची यादी यांचा उपयोग झाला. आपोआप सरकणारा पडदा हाही याच हिशेबात बसणारा होता, कारण खेळाडूने काही केले नाही तरी खेळ अखेरीकडेच जात राही.

भारतातील प्रवेश

भारतात असे खेळ प्रथम मोठ्या शहरांतील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये व त्यानंतर दूरचित्रवाणी संचाला जोडण्याच्या यंत्रांद्वारे आले. पार्लरकडे समाज व शासन दोहोंनीही संशयाने पाहिले, कारण नाणे, यंत्र व जुगार यांतील सीमारेषा पुसट होती. 'एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवसायावरील परवान्याचे नियंत्रण वैध ठरविले. म्हणजे भारतीय कायद्याच्या दृष्टीने व्हिडिओ गेमचा प्रश्न हा आरंभापासून पैशाशी निगडित प्रश्न होता. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्यातही हाच धागा दिसतो.

भ्रमणध्वनीतील अवतार

पार्लरसाठी भांडवल, अखंड वीज व खिशात नाणी असलेली गर्दी लागते. अल्प पावसाच्या व भारनियमनाने ग्रासलेल्या तालुक्यात या तिन्ही गोष्टींची वानवा असते. त्यामुळे अशा भागात हा खेळ सर्वदूर नेण्याचे काम भ्रमणध्वनीने केले, हे स्वाभाविक होते.

नोकियाच्या ३३१० या संचात २००० साली 'स्पेस इम्पॅक्ट' हा खेळ आधीच भरून दिलेला होता. त्याचा पडदा ८४ × ४८ बिंदूंचा, म्हणजे एकूण ४,०३२ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा होता. एवढ्या जागेत यान, शत्रू, अस्त्रे, उरलेली जीवने व गुण हे सर्व बसविले होते. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० मध्ये त्याची पुढील आवृत्ती होती. धुळीपासून बचाव करणारी कळफलकाची रचना व अंगभूत विजेरी यांमुळे हा संच विकसनशील देशांत लोकप्रिय झाला. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक संच विकले गेले. भारतात मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे शुल्क बंद झाले आणि भ्रमणध्वनी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागला.

पाथर्डीचा संदर्भ

पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी मोठे स्थलांतर होते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोपीत राहणाऱ्या व पहाटेच्या अंधारात फडात उतरणाऱ्या कुटुंबाला धूळ सोसणारा, विजेरी असलेला व एकदा भारित केल्यावर काही दिवस चालणारा संच किती उपयोगी पडतो, हे वेगळे सांगावयास नको. खेळ या संचाबरोबर विनामूल्य आला. त्यासाठी कोणी वेगळी किंमत मोजली नाही व परवानाही काढला नाही.

येथे एक ऐतिहासिक विसंगती लक्षात येते. भ्रमणध्वनीत नाणे टाकण्याची खाच नव्हती, तरीही मोजकी जीवने, वाढती काठिण्यपातळी व सर्वोच्च गुण हे सर्व कायम राहिले. ज्या अर्थकारणाने हे नियम घडविले ते मागे पडले, पण नियम परंपरा म्हणून टिकले. पार्लरचे तोंडही न पाहिलेला खेळाडू अशा रीतीने शिकागो व जपानमधील गल्ल्याचा हिशेब नकळत पाळत होता. तंत्रज्ञानाच्या प्रसारात वस्तूबरोबर तिच्या जन्मस्थानाची गृहीतकेही प्रवास करतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

ऐतिहासिक साधन म्हणून

नोकियाचा भ्रमणध्वनी व्यवसाय २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूर येथील कारखान्यातील उत्पादन थांबले. हे खेळ संचाच्या स्मृतीतच कोरलेले होते. त्यामुळे संच भंगारात गेला की त्यातील खेळ व नोंदविलेले गुणही नाहीसे होतात. जुनी दप्तरे वा बखरी जपल्या जातात, कारण त्यांचे मूल्य मान्य झाले आहे. जुन्या संचांना तसे मूल्य लाभलेले नाही. पडद्यावरचा खेळ तज्ज्ञांना पुन्हा उभा करता येईल. परंतु तो कोणी, कोठे व कामाच्या कोणत्या फटीत खेळला, घरातील एकच संच कोणाच्या हाती असे, मुलींच्या वाट्याला तो किती आला, हे केवळ माणसांच्या आठवणींतूनच कळू शकते.

समारोप

सारांश, आडव्या सरकत्या अवकाशयुद्धाचा खेळ हा तंत्रज्ञान, अर्थकारण व ग्रामीण समाजजीवन यांना जोडणारा दुवा आहे. शहरातील पार्लर हा त्याच्या इतिहासाचा एक भाग आहे, तर तालुक्यातील भ्रमणध्वनी हा तितकाच महत्त्वाचा दुसरा भाग होय. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने या आठवणींचे संकलन हाती घेणे आवश्यक आहे. तसे झाले तर ऊसतोड कुटुंबांची नोंद केवळ उचल व टनेज यांच्या आकड्यांपुरती उरणार नाही; त्यांच्या विरंगुळ्यालाही इतिहासात स्थान मिळेल.