नाव दिलं, पुढे काय?

व्हजायनिस्मस. शब्द डॉक्टरी आहे, दुखणं मात्र घरातलं. संबंधाच्या वेळी योनीभोवतीचे स्नायू आपोआप आखडतात आणि बाईला प्रचंड दुखतं. यातला "आपोआप" महत्त्वाचा. ती मुद्दाम काही करत नसते.

हे नाव दिलं जेम्स मॅरियन सिम्स या अमेरिकन सर्जनने, १८६१ साली, लंडनमध्ये डॉक्टरांच्या सभेपुढे. आमच्या धंद्यात बगला नंबर मिळाला की निम्म्या लोकांना तो सुटल्यासारखा वाटतो, तसलाच प्रकार. सिम्सचा उपाय काय, तर योनीपटल कापून काढा, योनीमुखाला छेद द्या आणि मग काचेची नळी घालून ते रुंद ठेवा. १८६६च्या त्याच्या पुस्तकात तर एका जोडप्याची हकिकत आहे. डॉक्टर घरी येऊन बायकोला ईथर देऊन बेशुद्ध करायचा, म्हणजे नवऱ्याला संबंध ठेवता येईल! बाई शुद्धीवरच नाही म्हटल्यावर दुखणार कशाला, असं हे लॉजिक. मूल झालं की केस यशस्वी. तिला काय वाटलं, हा प्रश्नच नाही.

याच गृहस्थाने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात अनार्का, बेट्सी, लूसी अशा गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया केल्या होत्या. (ती वेगळ्या दुखण्यासाठी.) न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८मध्ये हलवला. असो.

सुरी मागे पडायला बराच काळ गेला. १९७०मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांनी डायलेटर वापरले, पण लहानापासून मोठ्याकडे, नवऱ्याला सोबत घेऊन, आणि कधी थांबायचं ते बाईने सांगायचं. मला विचाराल तर खरा बदल हाच. २०१३ला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ने व्हजायनिस्मस आणि "संबंधातली वेदना" हे दोन्ही एकाच निदानात घातले, कारण भीती, वेदना आणि आखडणं यांच्या सीमा तपासताना धड सापडतच नव्हत्या.

आज पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपी, डायलेटर, समुपदेशन असे उपाय आहेत. पण आधी तपासणी हवी, कारण दुखण्यामागे इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस किंवा बाळंतपणानंतरचा, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणाही असू शकतो. आणि डॉक्टरने नुसतं "रिलॅक्स व्हा, होईल सवय" म्हणून घरी पाठवलं, तर सरळ दुसरा डॉक्टर गाठावा.