अनाथ-आगगाड्या

न्यूयॉर्क शहरातील निराधार मुलांना, विशेषतः स्थलांतरितांच्या मुलांना, आगगाडीने पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांत धाडण्याची ख्रिस्ती धर्मादाय संस्थांची योजना (१८५४–१९२९). हे नाव मागाहून रूढ झाले व ते फसवे आहे. कारण यांतील अनेक मुलांचे आईबाप, निदान दोघांपैकी एक, हयात असत.

आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळानंतर (१८४५–५२) आयरिश कॅथलिकांचे लोंढे न्यूयॉर्कला आले. फाइव्ह पॉइंट्स या दाट वस्तीत मेथडिस्ट स्त्रियांनी मिशन काढले आणि १८५२ मध्ये तेथील ‘ओल्ड ब्रूअरी’ ही कुप्रसिद्ध इमारत विकत घेऊन पाडली. धर्मशास्त्र शिकलेल्या चार्ल्स लोरिंग ब्रेस (१८२६–९०) याने १८५३ मध्ये ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन केली. वृत्तपत्रे विकणाऱ्या मुलांसाठी निवासगृह, उद्योगशाळा ही कामे तिने केली. तथापि ब्रेसचा भर अनाथालयापेक्षा सुस्थित ख्रिस्ती घरावर होता. ‘ख्रिस्ती घर’ म्हणजे व्यवहारात बहुधा प्रॉटेस्टंट घर, हे त्याने गृहीतच धरले होते. सप्टेंबर १८५४ मध्ये पहिली तुकडी मिशिगनमधील डोवाजॅक येथे निघाली. चर्चमध्ये वा सभागृहात मुलांना ओळीने उभे करीत व गावकरी निवड करीत. काहींना मायेचे घर लाभले, तर काही बिनपगारी शेतमजूर ठरले. देखरेख तुटपुंजीच होती. सर्व संस्थांनी मिळून सुमारे दोन लाख मुले पाठविली, असा अंदाज आहे.

मुलांचा धर्म हिरावला जातो, या कॅथलिकांच्या तक्रारीत तथ्य होते. त्यांनी १८६३ मध्ये ‘कॅथलिक प्रोटेक्टरी’, तर १८६९ मध्ये ‘न्यूयॉर्क फाउंडलिंग’ ही संस्था काढली. दुसरीने कॅथलिक कुटुंबे आधी निश्चित करूनच मुले धाडली; पण तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. ऑक्टोबर १९०४ मध्ये तिने ४० मुले ॲरिझोनातील क्लिफ्टन व मोरेन्सी या खाणगावांतील मेक्सिकन कॅथलिकांकडे नेली, तेव्हा सशस्त्र गोऱ्यांनी ती रात्रीतून काढून घेतली. प्रादेशिक न्यायालयाने १९०५ मध्ये गोऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचे अपील फेटाळले. न्यूयॉर्कमध्ये हीन लेखलेली आयरिश मुले येथे ‘गोरी’ ठरली आणि धर्मापेक्षा वर्ण बलवत्तर झाला.

परराज्यांतून मुले आणण्यावर मिशिगनने १८९५ मध्ये निर्बंध घातले. इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. केवळ दारिद्र्यापायी मूल घरापासून तोडू नये, असा ठराव १९०९ च्या व्हाइट हाउस परिषदेने केला. पुढे राज्यांनी विधवा मातांना निर्वाहवेतन सुरू केल्यावर या गाड्यांची संख्या घटत गेली व १९२९ च्या सुमारास त्या बंद झाल्या.