एक्स-रे काढणारी मुलगी

परवा रात्री साताऱ्याहून ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. भाचीने नीटचा नाद सोडला होता. दोनदा परीक्षा देऊन झाली, सरकारी कॉलेजात लागेल एवढे मार्क पडले नाहीत, आणि खासगी कॉलेजची फी म्हणजे राहतं घर विकायची पाळी. तर पोरीने आपणहून चौकशी केली, मेडिकल इमेजिंगच्या बी.एस्सी.ला अर्ज भरला आणि मग वडिलांना सांगितलं. (हा क्रम ती मावशीकडून शिकली, असा भाऊजींचा संशय आहे. असो.)

मग फोन भाऊजींनी घेतला. "डॉक्टर होणार, डॉक्टर होणार म्हणून दोन वर्षं क्लास लावले. आता एक्स-रे काढणारी होणार म्हणे! बटण दाबायला एवढी वर्षं शिकायचं?" थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ते किरण... रोज त्याच खोलीत. उद्या पोरीला काही झालं म्हणजे?"

पहिल्या प्रश्नात राग होता, दुसऱ्यात काळजी. मी म्हटलं, दोन दिवस द्या, मग बोलते.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. समरूप त्रिकोण शिकवताना दर वर्षी एक तरी कार्टं उठून विचारायचं, "बाई, याचा पुढे उपयोग काय?" त्या कार्ट्यांना मी एका मुलीची गोष्ट सांगायचे. भाऊजींच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तरही तिच्यातच आहे असं मला वाटतं. म्हणून आधी इथे नीट लिहून काढते.

या मुलीचं नाव इरेन. जन्म १२ सप्टेंबर १८९७, पॅरिस. आई मादाम क्यूरी, वडील पियर क्यूरी. ती आठ वर्षांची असताना, १९०६ मध्ये, वडील रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेले. आईला शाळांमधला अभ्यास पसंत नव्हता, तेव्हा तिने आणि ओळखीच्या प्राध्यापकांनी मिळून आपल्या मुलांसाठी स्वतःच वर्ग चालवले. गणिताला पॉल लांजव्हँ, रसायनाला ज्याँ पेरँ, पदार्थविज्ञानाला स्वतः मादाम! दोनेक वर्षं चाललेली ही शाळा. पुढे आई परगावी गेली तरी पत्रातून लेकीला गणितं घालायची. "जेवलीस का" विचारणाऱ्या आया आपल्याला माहीत आहेत. ही आई त्याच पत्रात "उदाहरण सुटलं का" असंही विचारायची.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, तेव्हा इरेन सोळा वर्षांची होती, सतरावं पुरं व्हायला आलेलं. एक्स-रेचा शोध लागून एकोणीस वर्षं होत आली होती (राँटगेनने तो लावला ८ नोव्हेंबर १८९५ ला), पण यंत्रं होती ती मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत. आघाडीवरचे जखमी सैनिक तिथवर पोचायचेच असं नाही. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत आहे की कमरेत, हे न कळता सर्जन चाचपडत चिरायचे.

मादाम क्यूरींकडे तोवर दोन नोबेल पारितोषिकं होती, पण रुग्णाचा एक्स-रे काढायचा अनुभव नव्हता! त्या अंतोआन बेक्लेर या डॉक्टरांकडे घाईघाईने धडे घेऊन आल्या. शरीररचना शिकल्या, पुढे मोटार चालवायलाही शिकल्या. श्रीमंत बायकांकडून गाड्या मागून आणल्या. गाडीच्या इंजिनावर डायनॅमो चालवायचा, त्याच्या विजेवर एक्स-रेची नळी. सोबत काचेच्या फोटोप्लेटा, घडीचं टेबल, अंधार करायला पडदे. सैनिक या गाड्यांना 'छोट्या क्यूरी' म्हणू लागले. अशा सुमारे वीस गाड्या झाल्या, शिवाय दोनशेच्या आसपास कायमची केंद्रं. युद्ध संपेपर्यंत तिथे दहा लाखांहून जास्त जखमी तपासले गेले.

१ नोव्हेंबर १९१४ ला पहिली गाडी निघाली. गाडीत मादाम, एक ड्रायव्हर, एक मेकॅनिक, आणि सतरा वर्षांची इरेन.

त्या वयात ती काय करत होती बघा. त्या वर्षी तिचा सोर्बोन विद्यापीठातला अभ्यास सुरू झालेला. जोडीला परिचारिकेचा दाखला मिळवलेला. वर आईच्या हाताखाली यंत्र लावायचं, प्लेट धुवायची, बिघडलं तर दुरुस्त करायचं. वर्षभरात आईने तिला एकटीला सोडलं. बेल्जियममध्ये होगस्टाडे नावाच्या गावी लष्करी दवाखाना होता, आघाडीपासून फार लांब नाही. इरेनचा अठरावा वाढदिवस तिथेच झाला.

तिथला सर्जन वयाने आणि हुद्द्याने मोठा, आणि भूमितीशी त्याचं वाकडं. तुकडा जिथून आत शिरला त्याच वाटेने तो शोधत राहायचा. इरेनचं म्हणणं, फोटोवरून जागा काढली आहे, या बाजूने शोधा. आता अठरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकणार? पण अखेर तिने सांगितलेल्या बाजूने शोधलं आणि तुकडा लगेच सापडला.

ही जागा काढायची कशी, तर इथेच माझे समरूप त्रिकोण येतात. एक्स-रेचा फोटो म्हणजे शेवटी सावली. तुकडा कुठे आहे ते सावली सांगते, पण किती खोल आहे ते सांगत नाही. मग दोन फोटो घ्यायचे. पहिला घेतला की रुग्णाला आणि प्लेटला तसंच ठेवून नळी थोडी बाजूला सरकवायची आणि दुसरा घ्यायचा. सावली सरकते. लाइट गेल्यावर मेणबत्तीपुढे बोट धरून बघा. बोट भिंतीला टेकवून मेणबत्ती हलवली तर सावली जवळजवळ जागच्या जागी राहते, बोट भिंतीपासून लांब असेल तर पार पळते. तेच हे. समजा नळी प्लेटपासून ६० सेंटीमीटर उंच आहे. ती १० सेंटीमीटर सरकवली आणि सावली २ सेंटीमीटर सरकली. साठ गुणिले दोन म्हणजे १२०, भागिले दहा अधिक दोन म्हणजे १२. उत्तर १०. तुकडा प्लेटपासून १० सेंटीमीटरवर. दहावीचं गणित, पण ते चुकलं तर एक माणूस विनाकारण चिरला जायचा.

बटण दाबणं म्हणतात ते हे! आणि आजही फार वेगळं नाही. गेल्या वर्षी माझं मनगट मोडलं तेव्हा तिथल्या मुलीने माझा हात तीन वेळा वेगवेगळा ठेवला. मी कुरकुरले, तर म्हणाली, "आजी, एका बाजूने दिसलं नाही तर दुसऱ्या बाजूने दिसतं." डॉक्टरांना भेग दिसली ती तिसऱ्या फोटोत. हात कसा ठेवायचा हे तिला ठाऊक होतं म्हणून दिसली.

१९१६ पासून पॅरिसच्या रेडियम संस्थेत हे काम मुलींना शिकवणं सुरू झालं. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम : वीज, एक्स-रे, शरीररचना, थोडं गणित आणि भरपूर प्रत्यक्ष काम. युद्ध संपेपर्यंत सुमारे दीडशे जणी तयार झाल्या. शिकवणाऱ्यांत इरेनही होती, वय एकोणीस. आणि हे सगळं चालू असताना तिने १९१५ मध्ये गणिताची, १९१६ मध्ये पदार्थविज्ञानाची आणि १९१७ मध्ये रसायनाची परीक्षा दिली. उत्तम गुणांनी पास झाली.

इथपर्यंत भाऊजींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. शाळेत मी गोष्ट इथेच संपवायचे. पण दुसरा प्रश्न राहतोच, आणि तो टाळला तर मी माझ्याच भाचीला फसवल्यासारखं होईल.

त्या गाड्यांमध्ये किरणांपासून संरक्षण फारसं नव्हतंच. हातमोजे, एखादा धातूचा आडोसा, आणि जमेल तेवढं किरणांच्या वाटेतून बाजूला होणं. धोका कुणालाच माहीत नव्हता असंही म्हणता येत नाही. एडिसनच्या प्रयोगशाळेत एक्स-रेचं काम करणारा क्लॅरन्स डॅली १९०४ मध्येच गेला होता. हात कापावे लागले तरी वाचला नाही. एडिसनने त्या किरणांचं काम सोडून दिलं. जर्मनीत हँबर्गला १९३६ मध्ये एक स्मारकस्तंभ उभा राहिला, किरणांनी बळी गेलेल्या डॉक्टरांचा, तंत्रज्ञांचा, परिचारिकांचा. सुरुवातीलाच त्यावर १६९ नावं होती. माहीत नव्हतं ते एवढंच, की किती किरण घेतले म्हणजे किती नुकसान. कारण मोजत कुणी नव्हतं.

मादाम क्यूरी ४ जुलै १९३४ ला गेल्या. रक्त तयार होणंच थांबलं होतं. रेडियमने घात केला असं सगळे मानत आले. पण १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवले तेव्हा तपासणी झाली. अवशेषांतलं रेडियमचं प्रमाण फारच कमी निघालं. फ्रान्सच्या किरणोत्सर्ग-संरक्षण विभागाचा निष्कर्ष असा, की रेडियमपेक्षा युद्धात घेतलेले एक्स-रेच बहुधा कारण असावेत.

आणि इरेन? तिने पुढे पती फ्रेडरिक जोलिओंबरोबर १९३४ मध्ये कृत्रिम किरणोत्सर्ग शोधून काढला आणि १९३५ चं रसायनाचं नोबेल दोघांना मिळालं. काय योगायोग बघा, आजच्या पेट स्कॅनमध्ये जे किरणोत्सर्गी फ्लोरिन टोचतात, ते असंच माणसाने बनवलेलं. त्याचा निम्मा अंश पावणेदोन-दोन तासांत संपतो, म्हणून ते रोज ताजं करावं लागतं. भारतातलं पहिलं पेट स्कॅन यंत्र २००२ मध्ये आपल्या मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. १९१४ साली गाडीत बसलेल्या मुलीने इमेजिंगची एक अख्खी नवी शाखा शक्य करून ठेवली. पण १७ मार्च १९५६ ला ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. वय अठ्ठावन्न. युद्धातले एक्स-रे, प्रयोगशाळेतली वर्षं, १९४६ मध्ये टेबलावर फुटलेली पोलोनियमची कुपी... नेमकं कशामुळे, हे कुणी सांगू शकत नाही.

काल मी भाऊजींना फोन केला. सगळं सांगितलं, शेवटासकट. ते म्हणाले, "म्हणजे माझी भीती खरीच की!"

म्हटलं, खरीच. पण त्या मायलेकींच्या आणि आपल्या पोरीच्या मधे एक फरक पडलाय. आता मोजतात. छातीवर एक छोटा बॅज लावतात, टीएलडी म्हणतात त्याला. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि त्या माणसाने किती किरण घेतले ते नोंदलं जातं. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा आखून दिली आहे : पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. २००४ च्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालच्या कुणालाही या किरणांच्या कामावर ठेवता येत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या इरेनला आज गाडीतून उतरवलं असतं! शिशाची भिंत असते, एप्रन असतो. शिवाय सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच. मात्र नियम कागदावर असून भागत नाही. बॅज खुंटीला टांगून काम करणारेही असतात. ती शिस्त पोरीलाच पाळावी लागेल, तिच्या वतीने तुम्ही-आम्ही नाही पाळू शकत.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. त्यांची समजूत पटली असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं मनात बाळगलेलं एका फोनने जात नाही. मागून ताईच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं,

"तो बॅज कॉलेजातच देतात, का आपल्याला विकत घ्यावा लागतो?"

मी म्हटलं, चौकशी करून कळवते.