पत्रद्वारा शिक्षणाचा जमाखर्च

ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडते, असे हल्ली जो तो म्हणतो. इमारत नको, बाके नकोत, वसतिगृह नको. पण हा हिशेब जुनाच आहे, आणि तो जरा उलगडून पाहावा म्हणून हे चार शब्द.

आमच्या तरुणपणी मराठवाड्यात (इथले विद्यापीठ १९५८ चे) नोकरी सांभाळून शिकायचे म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचे. विद्यापीठ फक्त परीक्षा घेई. गाइड आपण विकत घ्यायचे, एस.टी.ने केंद्र गाठायचे. विद्यापीठाला खर्च जवळपास नाहीच... आणि शिकवणेही नाही!

दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, मुंबईने १९७१ मध्ये. पाठ छापून टपालाने घरी. खरी मेख इथे आहे. समजा, पाठ तयार करायला दहा लाख लागले. विद्यार्थी शंभर असतील तर माणशी दहा हजार, दहा हजार असतील तर माणशी फक्त शंभर. पण वह्या तपासणे, शंकांना उत्तर देणे हे काम माणशीच राहते, संख्या वाढली म्हणून स्वस्त होत नाही. मग काटकसरीची कात्री नेमकी तिथेच चालते.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. स्वतः वाचून समजेल अशी पुस्तके मुद्दाम लिहवून घेतली, अभ्यासकेंद्रे चालू महाविद्यालयांतच ठेवली. मला ही मांडणी आजही शहाणपणाची वाटते.

पारंपरिक विद्यापीठाचे तसे नाही. तिथला प्राध्यापक वर्गावर शिकवण्याचा पगार घेतो. पाठ लिहिणे, चित्रफीत करणे, रात्री मुलांचे निरोप वाचणे हे वरचे काम. तो वेळ कुठल्याच खात्यावर पडत नाही, म्हणून कागदावर ऑनलाइन स्वस्त दिसते.

आणि उरलेला खर्च? २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या गल्लीतल्या बी.ए.च्या एका मुलीचे तास वडिलांच्या फोनवर चालत. वडील मोंढ्यात हमाल. ते फोन घेऊन कामावर गेले की तास बुडाला. शेवटी हप्त्यांवर दुसरा फोन घेतला. दिवाळी झाली तरी हप्ते चालूच होते, आणि कॉलेजची फी होती ती होतीच.